अप्पांच्या कवटीतलं पाणी

४ फेब्रुवारी

दादा,

फोनवर माझं पहिलं वाक्य संपायच्या आत तू म्हणतोस, "भाषण नको." म्हणून मेल लिहिते आहे. मेल वाचताना मध्येच तोडता येत नाही, एवढाच त्याचा फायदा. तू शेवटपर्यंत वाचशील अशी माझी समजूत नव्हती, पण वहिनी म्हणाली, "वाचतात ते. उत्तर देत नाहीत, पण वाचतात." तुझ्या बायकोवर माझा तुझ्यापेक्षा जास्त विश्वास आहे. तिचा धंदा सोडून.

मुद्द्याचं आधी. अप्पा पडले, डोक्यात रक्तस्राव झाला, तो थांबला, एवढं तुला माहीत आहे. पुढचं ऐक. मेंदूभोवती जे पाणी खेळत असतं ते रोज नवं तयार होतं आणि जुनं शोषलं जातं. रक्ताच्या गाळाने शोषायची वाट बुजली. डॉक्टर म्हणाले, "वरून नळ चालू आहे आणि खाली मोरी तुंबली आहे, असं समजा." त्या पाण्याचा दाब मेंदूवर येतोय. म्हणून अप्पा डोळे उघडे ठेवून पडलेले असतात आणि आपण बोललेलं पोचतं की नाही ते कळत नाही. गेल्या आठवड्यात त्यांच्या पाठीतून थोडं पाणी काढून पाहिलं, तर दुसऱ्या दिवशी त्यांनी चमचा स्वतःच्या हातात धरला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या खुर्चीत बसले होते. संध्याकाळपर्यंत पुन्हा होतं तसं. आता पुढचं ठरेपर्यंत ते माझ्या घरी आहेत.

उपाय एकच आहे. कवटीत बारीक नळी घालायची, ती कातडीखालून पोटापर्यंत न्यायची, मध्ये एक झडप. साठलेलं पाणी पोटात उतरेल. वय बघता भुलीतून बाहेर न येण्याचा धोका आहे आणि तो डॉक्टरांनी लपवला नाही. ऑपरेशन केलं नाही तर अप्पा हळूहळू जास्त झोपू लागतील, आणि एक दिवस उठणार नाहीत.

आणि सही तुझीही लागणार आहे. दवाखान्यात भरती होताना, शुद्धीत होते तेव्हा, अप्पांनी स्वतः सांगून ठेवलंय, "निर्णय दोघांनी मिळून घ्यायचा. भांडून का होईना, पण दोघांनी." डॉक्टर हसले होते. मी हसले नव्हते.

गंमत बघ. डोक्याखाली हात ठेवून उपचार करताना ज्या पाण्याची भरती-ओहोटी हाताला लागते असं तू देशोदेशी शिकवत फिरतोस, तेच हे पाणी. तुझ्या मते ते कवटीपासून माकडहाडापर्यंत संथ लयीत येतं-जातं. डॉक्टरांच्या मते ते तुंबलंय. मी कुणाच्या बाजूची आहे हे सांगायला नको.

तुझ्या मनात अजून ते सभागृहातलं भाषण आहे, ठाऊक आहे मला. "डोक्यावर हात ठेवून डोकं गहाण टाकायला लावणारे", हे वाक्य मी बोलले. तू तिसऱ्या रांगेत बसला होतास हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तरी बोलले असते. त्याबद्दल या मेलमध्ये माफी शोधू नकोस. सही शोध, ती तुझ्याकडेच आहे. कागद सोबत जोडलाय.

तुझी धाकटी


८ फेब्रुवारी

दादा,

सही मागितली तर तू बायको पाठवलीस!

वहिनी काल आली. हातात फुलं नाहीत, फळं नाहीत, नुसते हात. म्हणाली, "ते म्हणतात, अप्पांना विचारल्याशिवाय सही करणार नाही."

मी म्हटलं, "विचारायचं कसं? 'कूस बदलू का' याचंही उत्तर येत नाही तिथून."

"तोंडाने नाही विचारायचं, वन्सं."

तिने 'वन्सं' म्हटलं की समजावं, आता वाद घालण्यात अर्थ नाही. एरवी ती मला नावाने हाक मारते.

तुला तुझाच धंदा समजावून सांगण्यात अर्थ नाही, पण मला जे कळलं ते लिहिते. चुकलं तर मनात दुरुस्त कर. तळहात डोक्याखाली ठेवायचे. वजन किती, तर कातडीवर एखादं नाणं ठेवावं इतकंच. दाबायचं नाही, चोळायचं नाही, काही करायचं नाही. थोड्या वेळाने म्हणे कवटी श्वास घेतल्यासारखी फुलते आणि मिटते. मग मनातल्या मनात प्रश्न विचारायचा. ज्या प्रश्नाशी ती लय चटकन थांबेल, तिथे शरीराचं उत्तर आहे.

"मनातल्या मनात का? मोठ्याने का नाही?"

"मोठ्याने विचारलं की माणूस उत्तर तयार करतो," वहिनी म्हणाली. "शरीराला तयारीला वेळ द्यायचा नसतो."

वा! म्हणजे साक्षीदार मुका, प्रश्न मुका, उत्तर मुकं, आणि निकाल मात्र बोलका. कोणत्या न्यायालयात हे चालतं ते सांग. मी आयुष्यभर माणसांना एकच सांगत आले: ज्याला पारखता येत नाही त्यापुढे मान तुकवू नका, मग समोर पुढारी असो की पोथी. आणि आता माझ्या घरात, माझ्या बापाच्या उशाशी, माझीच वहिनी डोळे मिटून बसते आणि मी तिला सरबत नेऊन देते. सरबत तिने घेतलं नाही. म्हणे हात गार होतात.

बराच वेळ बसली. मग उठून म्हणाली, "लय फार मंद आहे. कळत नाही काही. पुन्हा येईन. तेव्हा तुम्हीही हात ठेवा."

"मी?"

"तुम्ही पायाशी बसा, मी डोक्याशी. दोघींना एकच लागलं तर तुमची खात्री पटेल."

हे मात्र मला आवडलं. दोन साक्षीदार, वेगवेगळ्या जागी, एकमेकींना न विचारता. हा प्रयोग झाला. मी हो म्हटलं. एकदा तिचा आणि तुझा निकाल लागला की तू सही करशील, या हिशेबाने हो म्हटलं. बाकी काही नाही.

जाताना तिने दारात एक गोष्ट सांगितली. तू तिला सांगितलंस म्हणे, की हे हात तू कुठल्या वर्गात शिकला नाहीस, अप्पांकडून शिकलास. तलावावर पोहायला शिकवताना अप्पा पोरांच्या डोक्याखाली तळहात धरायचे. "मान सोड, मान सोड, मी आहे." आणि पोराने मान सोडली की हळूच हात काढून घ्यायचे. पोराला पत्ताच नसायचा की आता खाली कुणी नाही. तुला तो हात निघून जातानाचा क्षण आठवतो, असं ती म्हणाली.

मला नाही आठवत. मला अप्पांनी शिकवलं तेव्हा मी सगळा वेळ बोलत होते म्हणे. नाकातोंडात पाणी गेलं.

सही अजून आलेली नाही.


१३ फेब्रुवारी

दादा,

सही करू नकोस.

हे मी लिहिते आहे आणि माझ्या हाताला पटत नाही. तरी वाच.

दुपारी वहिनी आली. अप्पांना सूप भरवून झालं होतं. तोंड पुसलं, पडदा ओढला. तुझे मेव्हणेबुवा, म्हणजे आमचे अहो, "मी बाहेर आहे, तुमचं चालू द्या" म्हणून खोलीतून सटकले. असल्या वेळी ते नेहमी सटकतात. वहिनी डोक्याशी बसली, मी पायाशी. घोट्यांखाली तळहात. बाबांचे पाय इतके हलके असतील असं वाटलं नव्हतं. (बाबा लिहिलं मी. लहानपणी म्हणायचो ना. राहू दे.)

पहिल्यांदा काहीच नाही. मला उद्याच्या सभेचे मुद्दे आठवत होते. मग खाज. मग पाय दुखायला लागला, माझा. आणि मग, दादा, खरंच काहीतरी आलं. लाट म्हणू? लाट नव्हे. कुणी झोपलेलं माणूस कूस बदलायचा विचार करतं आणि बदलत नाही, तसं. उचललं जाणं आणि पुन्हा खाली येणं. फार संथ. इतकं संथ, की मला वाटलं मीच डुलते आहे. मी अंग आखडून पाहिलं. तरी होतंच.

मी डोळे उघडून वहिनीकडे पाहिलं. तिने माझ्याकडे न बघता मान हलवली. तिलाही तेच लागत होतं, त्याच वेळी.

मग मी मनात प्रश्न विचारला. तू हसशील. हस. आणि ते थांबलं.

नुसतं हाताखालचं थांबलं नाही. सगळी खोली थांबली. मी शेकडो सभा पाहिल्यात, हजारो माणसं एकाच वेळी गप्प झालेली ऐकली आहेत. ही शांतता तसली नव्हती. एखादा आवाज आपण जन्मभर ऐकत आलो आणि तो होता हे आज कळलं, तो गेल्यावर, अशी. कानात दडे बसले. अप्पांचे डोळे उघडे होते, छताकडे. वहिनीच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ती ते पुसत नव्हती, कारण हात डोक्याखाली होते.

बाहेर आल्यावर आम्ही एकमेकींना फक्त एवढं म्हणालो:

"नको म्हणतायत."

"हो. नको."

मी डॉक्टरांना फोन करून सांगितलं, तूर्त नको. ते म्हणाले, "तूर्त म्हणजे किती दिवस? पाणी तुमची वाट बघणार नाही." मी म्हटलं, कळवते. त्यांनी कारण विचारलं नाही, नाहीतर मी काय सांगणार होते? घोट्यांनी सांगितलं म्हणून?

माझ्या सगळ्या आयुष्याच्या विरुद्ध हे आहे, मला कळतंय. माझ्या समोरच्या खुर्चीत बसून कुणी मला हे सांगितलं असतं तर मी त्याची सालटी काढली असती. पण मी तिथे होते. दोघींना एकाच क्षणी लागलं. तुझी धाकटी बहीण खोटं बोलत नाही, हे तू रागातही कबूल करशील.

उद्याची सभा मी रद्द केली. घसा बसलाय असं कळवलं. घसा ठणठणीत आहे.


१७ फेब्रुवारी

दादा,

सही कर! ताबडतोब कर. आणि हा मेल वाचताना जवळपास कुणी नाही ना, ते बघ, कारण तू ओरडणार आहेस.

आज सकाळी अप्पांजवळ पेपर वाचत बसले होते. मोठ्याने वाचते मी त्यांना, अग्रलेखासकट, आणि अग्रलेखाला माझं उत्तरही देते. एका ओळीवर थांबले, कारण खोलीत पुन्हा ती शांतता उतरली. तीच. हुबेहूब. कानात दडे. मी पेपर टाकला, अप्पांच्या घोट्यांखाली हात घातले. ते संथ उचलणं नव्हतं. थांबलं होतं. मी मनात काही विचारलंही नव्हतं. मला वाटलं, अप्पा आपणहून काही सांगतायत.

डोळे भरून आले. कुणाला तरी बोलवावं म्हणून मी दार उघडून व्हरांड्यात गेले.

तिथे तुझे मेव्हणेबुवा सदऱ्याला इस्त्री करत उभे.

माझ्याकडे बघून घाबरले. "काय झालं? अप्पा...?"

मी इस्त्रीची वायर बघत होते. वायर भिंतीवरच्या बोर्डात. बोर्डाखाली जमिनीवर एक दुसरा प्लग उपटून पडलेला. त्याची वायर दाराखालून आत. आत पलंगाखाली. पलंगाखाली अप्पांच्या हवेच्या गादीचा पंप.

तुला ती गादी माहीत नसेल. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून आणली. तिच्यात हवेच्या नळ्या आहेत, पंप आळीपाळीने त्या फुगवतो आणि सोडतो, दिवसरात्र. माणूस संथपणे उचलला जातो आणि खाली येतो. पंप गुणगुणतो. पहिले दोन दिवस त्या आवाजाने आम्हाला झोप नव्हती. मग आवाज आहे हेच विसरलो. अप्पांच्या खोलीतले सगळे प्लग इतर यंत्रांनी अडवलेत, म्हणून पंपाची वायर बाहेर काढली होती. मीच काढली होती.

"त्या दिवशीही इस्त्री केली होतीत?" मी विचारलं.

"कधी?"

"वहिनी आली होती तेव्हा."

"केली असेल. तुमचं आत ध्यान चाललं होतं, मला काही काम नव्हतं. लगेच परत लावतो गं प्लग. गादी पाच-दहा मिनिटं टिकते."

दादा, मी तिथे जमिनीवर बसले आणि हसत सुटले. ते हसणं नव्हतं फारसं. तुझे मेव्हणेबुवा हातात गरम इस्त्री धरून, "अगं, सदरा जळेल, अगं काय झालं ते तरी सांग." सदरा जळाला.

म्हणजे अप्पांनी नको म्हटलं नव्हतं. अप्पांचा सदरेवाला जावई इस्त्री करत होता! आणि त्या इस्त्रीवर मी डॉक्टरांना नको कळवलं. त्या इस्त्रीवर वहिनी रडली. त्या इस्त्रीवर तू तिकडे बसून मान डोलावली असशील, "बघ, शरीर खोटं बोलत नाही."

शरीर खोटं बोलत नाही रे. शरीर बोलतच नाही. बोलतो आपण.

डॉक्टरांना फोन केला. "करायचं," म्हटलं. ते म्हणाले, "ताई, एकदा नक्की काय ते ठरवा." मी म्हटलं, "ठरलंय." माझी सही दिली. आता तुझी. अप्पा कालपासून दुपारीही झोपू लागले आहेत.


२१ फेब्रुवारी

दादा,

तुझं उत्तर आलं. इतक्या वर्षांनी एक ओळ: "लय थांबणं म्हणजे 'नाही' नव्हे. थांबणं म्हणजे 'इथे काहीतरी आहे', एवढंच."

हे तू आधी सांगायचं होतंस. तुझ्या बायकोला तरी.

ती इथेच होती तेव्हा. मी तिला ओळ वाचून दाखवली. मग मी विचारलं, "वहिनी, त्या दिवशी तू मनात नेमकं काय विचारलं होतंस?"

"ऑपरेशन नको ना, असं."

मी विचारलं होतं, "ऑपरेशन करू ना?"

दोन उलटे प्रश्न, एक थांबणं, आणि दोघींनी त्याचं एकच उत्तर वाचलं. इस्त्री बाजूला ठेव. इस्त्री नसती तरी काय झालं असतं? आम्हाला जे ऐकायचं होतं तेच ऐकलं. आणि मला ते ऐकायचं होतं, हे मला माहीत नव्हतं. पहिल्या मेलमध्ये मी तुझ्याकडे तावातावाने सही मागत होते ना? आत कुठेतरी कुणीतरी ती माझ्या हातून काढून घ्यावी असं वाटत होतं. भुलीतून उठले नाहीत तर कुणाच्या सहीने, हा प्रश्न. मी यावर जास्त लिहिणार नाही.

पण वहिनी हरणारी नाही. थोड्या वेळाने म्हणते, "वन्सं, प्लग नेमका त्याच क्षणी का निघाला, हा प्रश्न राहतोच."

बघ! याला उत्तर आहे माझ्याकडे. पाच उत्तरं आहेत, आणि पाचही भर सभेत टाळ्या घेतील. सदरा चुरगळला होता म्हणून निघाला! पण तिचे डोळे लाल होते, ती अप्पांचे पाय दाबून देत होती, साधे, लोक दाबतात तसे. मी पाचही गिळून टाकली.

आणखी एक. हे मी लिहिणार नव्हते.

काल मी पंप मुद्दाम बंद केला. गादी साधी, घट्ट. व्हरांड्यात इस्त्री नाही, कुणी नाही. मी अप्पांच्या डोक्याखाली हात ठेवले, पायाखाली नव्हे. फक्त खात्री करायला, की आता काही लागणार नाही.

लागलं.

आधीसारखं मोठं नाही. बारीक. फुलणं, मिटणं. मी हात काढले, शेजारच्या रिकाम्या उशीखाली ठेवले. उशीही फुलली, मिटली. माझीच नाडी असणार, माझ्याच बोटांतली. मग टेबलाखाली ठेवले. टेबल गप्प होतं. थोडा वेळ. मग मला वाटलं, तेही हलतंय. मग नक्की काय लागायची वाट बघत बसले आहे तेच मला कळेना. पुन्हा अप्पांकडे गेले. आणि उशीत आणि अप्पांत फरक होता, दादा. काय फरक ते सांगता येत नाही. सांगता येत नाही त्यावर विश्वास ठेवू नये, हे माझंच वाक्य. अप्पा गरम होते, एवढं नक्की सांगता येईल. उशी गार होती.

माझं मत बदललंय असं समजू नकोस. मत तेच आहे. फक्त ते आता कुठे ठेवायचं हे कळत नाही.

हे लिहिता लिहिता तुझी सही आली. कागदावर दुसरं काही नाही. ना होकाराचं कारण, ना शिवी. इस्त्रीमुळे केलीस? त्या ओळीमुळे? वहिनीने रात्री फोन केला होता तुला? की आपण दोघं दमलो, म्हणून? मी विचारत नाही. म्हणजे विचारतेच आहे, पण उत्तर येणार नाही, माहीत आहे.

परवा सकाळी ऑपरेशन आहे.


९ मार्च

दादा,

वहिनी तुला रोज सांगते, त्यामुळे अप्पा भुलीतून उठले, ताप येऊन गेला, टाके निघाले, हे सगळं तुला कळलंय. आजचं तिने सांगितलं असेल तरी मला सांगायचंय, कारण ती दारात होती आणि मी पलंगाशी.

गेले चार दिवस नजर फिरायला लागली होती. काल त्यांनी चष्मा मागितला, हाताने. आज सकाळी नर्सला म्हणाले, "खिडकी." पहिला शब्द. खिडकी उघडली तर म्हणाले, "बंद." नर्स म्हणाली, "आजोबा बरे झाले."

दुपारी मी गेले. मला राहवलं नाही. तू ओळखतोस मला. खुर्ची ओढली आणि सुरू झाले. अप्पा, तुमच्या डोक्यात पाणी साठलं होतं. अप्पा, आम्ही खूप विचार केला. दादाने तिकडून सही पाठवली, माझी इथली, तुम्ही म्हणाला होतात ना, दोघांनी मिळून, तसंच केलं. धोका होता, पण आम्ही सगळ्या बाजूंनी... मी असं बरंच बोलले. गादी, पंप, इस्त्री यातलं काही सांगितलं नाही. वहिनी दारात उभी राहून मला डोळ्यांनी खुणावत होती, पुरे.

अप्पांनी सगळं ऐकलं. जीभ अजून जड आहे त्यांची. शब्द एकेक करून येतो, पण चुकत नाही.

म्हणाले, "मला कोणी विचारलं?"

मी म्हटलं, "अप्पा, तुम्हाला बोलता येत नव्हतं."

"ऐकू येत होतं."

दादा, मी त्यांच्या उशाशी बसून रोज पेपर वाचला. अग्रलेखाला उत्तरं दिली. ऑपरेशन का करायला हवं यावर त्यांच्यासमोर तासभर बोलले असेन, आणि नंतर का करू नये यावरही. वहिनीने त्यांची कवटी विचारली. मी घोटे विचारले. तू तिकडून म्हणत राहिलास, अप्पांना विचारल्याशिवाय नाही. आणि आपल्या तिघांपैकी एकानेही त्यांच्या कानाशी वाकून चार शब्द म्हटले नाहीत: अप्पा, करू का ऑपरेशन? कदाचित त्यांनी पापणी हलवली असती. कदाचित काहीच नाही. आता ते कळायला मार्ग नाही.

मी म्हटलं, "मग काय म्हणाला असतात?"

ते छताकडे बघत राहिले. मला बोलायची इतकी घाई झाली होती, की मी ओठ दाताखाली धरले. वहिनी आत आली आणि माझ्या मागे उभी राहिली. तिचा हात माझ्या खांद्यावर होता, आणि तो नाण्याएवढा हलका वगैरे नव्हता, चांगला जड होता.

"आता काय सांगू," अप्पा म्हणाले. "आता बरं वाटतंय."

हे हो झालं की नाही? राग होता की दिलासा? मी आल्यापासून तेच उलटसुलट करते आहे. वहिनीला विचारलं तर म्हणाली, "मला नका विचारू, वन्सं. मी आता काही वाचत नाही." ती हसून म्हणाली की रुसून, तेही कळलं नाही.

डॉक्टर म्हणतात, पुढच्या आठवड्यात घरी नेता येईल. म्हणून या वेळी मी शहाणपणा केला. खाली वाकले, कानाशी, मोठ्याने, एकच प्रश्न, पुढे-मागे काही न जोडता: "अप्पा, घरी कुठे जायचं? माझ्याकडे की वहिनीकडे?"

खूप वेळ लागला. मी गप्प बसले. मला बघायला तू असायला हवा होतास.

म्हणाले, "तो आला की विचार."

आणि लगेच डोळे मिटले. ही त्यांची अट होती, की झोपेच्या तारेतलं बोलणं, मला सांगता येणार नाही. मी ती अट समजते आहे. चुकीचं वाचत असेन तर तूच येऊन सांग.

तुझी धाकटी